चाचांच्या गाडीचा सलाम

एका उभ्या गाडीला भिऊन मी तिची बॅटरी काढून ठेवली. मी इंजिनिअर आहे आणि भूतखेत न मानणाऱ्या घरात वाढलोय. हे आधीच सांगितलेलं बरं, नंतर कुणीतरी सांगणारच.

गाडी आमच्या वरच्या मजल्यावरच्या चाचांची. मूळचे रत्नागिरीचे, इथे मस्कतला अझैबा भागात टाइल्सचं दुकान. फोनवर इतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या शहरात दुसरा नसेल. दोन हजार अठरात त्यांनी फोनवरून उघडणारी, फोनवरून सुरू होणारी गाडी घेतली आणि किल्ली या वस्तूशी बोलणं टाकलं. पाहुणा आला की चहाआधी त्याला खिडकीशी उभं करायचं, फोनवर बोट टेकवून "सलाम आलैकुम" म्हणायचं. खाली गाडीचे दिवे दोनदा लुकलुकायचे. "बघ, वालेकुम म्हणाली!" एकदा इब्रा गावच्या सूकात, म्हणजे बाजारात, बकरा घेऊन गाडीपाशी परत आलो, तर फोन मेलेला. मोबाइलच्या टपरीवाल्याने विचारलं, "फोन चार्ज करना है?" चाचा गंभीरपणे म्हणाले, "नहीं भाई, गाडी." चाची, मी आणि बकरा तासभर उन्हात. "तिघांत शहाणा एकच दिसतो," चाची बकऱ्याकडे बघत म्हणाल्या.

इकडे दुपारी एक ते चार कामं बंद. रस्त्यावर चिटपाखरू नसतं, पांढऱ्या भिंतींकडे बघवत नाही. चारला दहा कमी असताना चाचा वरूनच गाडी चालू करून एसी लावायचे, म्हणजे दुकानात जाताना सीट तव्यासारखी लागायची नाही.

मग त्यांच्या हृदयाची झडप खराब निघाली. चाची त्यांना ऑपरेशनसाठी मुंबईला घेऊन गेल्या. जाताना चाचांनी किल्ली दोन बोटांत धरून, मेलेली पाल द्यावी तशी माझ्या हातात दिली.

तिसऱ्या दुपारी, चारला दहा कमी असताना, मी पार्किंगमधून चाललो होतो. सगळीकडे शुकशुकाट. चाचांच्या गाडीचे दिवे दोनदा लुकलुकले आणि इंजिन सुरू झालं. आत कोणी नाही. काचा बंद, आणि आरशाला टांगलेली तसबीह एसीच्या वाऱ्यावर हळूहळू हलतेय, कुणीतरी मणी ओढत बसल्यासारखी. दहा मिनिटांनी सगळं आपोआप थांबलं. दुसऱ्या दिवशी तेच, त्याच मिनिटाला. तिसऱ्या दिवशी मी काचेला हात लावला. बाहेर पंचेचाळीस डिग्री आणि काच गार. माझ्या तळहाताचा ठसा काचेवरच्या धुळीवर उमटला आणि मला वाटलं, आतूनही एक उमटेल. चाचांचा फोन टीव्हीच्या रिमोटसारखा फार तर फाटकापर्यंत चालत असणार, अशी माझी इंजिनिअरी समजूत. मग हे कोण करतंय? चाचांना काही झालं तर नाही ना? मुंबईला फोन करून विचारायचं धैर्य नव्हतं. बॅटरी काढायचं होतं.

दोन दुपारी गाडी गप्प. तिसऱ्या सकाळी चाचींचा फोन. आवाज रडवेला.

"अरे, हे ऑपरेशनच्या कागदावर सही करत नाय. डॉक्टर म्हणतात, आज केलंच पायजे. हे म्हणतात, गाडी सलाम घेत नाय, म्हणजे आपलं खलास झालं. मरायचंच तर घरी जाऊन मरतो."

मी चपला न घालता खाली धावलो. डांबर पायाला चिकटत होतं. बॅटरी जोडली, फोन बॉनेटजवळ धरला आणि ओरडलो, "चाची, आता लावायला सांगा!" काहीच नाही. तेवढ्या वेळात मी देवाधर्मातलं जे मानत नाही ते सगळं मानून घेतलं. मग दिवे लुकलुकले. फोनमधून चाचींचं हुंदक्यातलं हसू आलं. "घेतला पेन हातात."

संध्याकाळी कळलं, ऑपरेशन झालं, पण शुद्ध नाही. पुढचे सहा दिवस मी चारला दहा कमी असताना त्या गाडीसमोर जाऊन उभा राहायचो. जिच्या सुरू होण्याला भ्यायलो, तीच गाडी मेल्यासारखी उभी असताना जास्त भीती वाटायची. तसबीह हलायची नाही. धुळीवर माझाच हात होता.

सातव्या दिवशी दिवे लुकलुकले. इंजिन सुरू झालं, दाराचं लॉक खट्‌कन उघडलं. मी तिथेच डोळे पुसत उभा. तेवढ्यात चाचींचा फोन.

"कुठे आहेस?"

"गाडीपाशीच, उन्हात."

त्यांनी ते पलीकडे सांगितलं असावं, कारण फोनमध्ये मागून एक खोल गेलेला, पण ओळखीचा आवाज आला.

"मग एसी काय मी भुतासाठी लावलाय? आत बस म्हणावं त्या गाढवाला!"