शास्त्रज्ञांची खोली

आमच्या इंदापूरच्या मामांनी एका माणसाची जेवढी बडदास्त ठेवली, तेवढी कुणी कुणाची ठेवल्याचे मी उभ्या आयुष्यात पाहिले नाही. आणि तो माणूस त्यांनी कधी पाहिलाही नव्हता. झाले असे, की विलायतेपर्यंत नाव गेलेले एक शास्त्रज्ञ लहानपणी दोन वर्षे इंदापुरात होते, वडील कचेरीत कारकून होते, असे मामांनी वर्तमानपत्रात वाचले. आपल्या घरात पूर्वी एक कारकून भाड्याने राहत असे, हे त्यांना आठवले. त्याच आठवड्यात मामा, मामी आणि तीन मुली मागच्या गोठ्यात राहायला गेले, म्हैस ओसरीवर आली आणि घरातली एकुलती एक खोली शास्त्रज्ञांची झाली.

मी बारामतीहून सर्व्हिस मोटारीने धूळ खात पोहोचलो, की पाण्याच्या तांब्याआधी खोलीचे दर्शन. "हितं ते बसायचे. हितं इचार करायचे." छप्पर गळे, पण फुटके कौल बदलायचे नाही, "त्यांच्या येळचं हाय." कोपऱ्यातल्या मुंग्यांनाही अभय होते. "त्यांनी बघितलेल्या मुंग्यांचीच ही नातवंडं हायती, भाचेबुवा!"

मामांच्या पत्रांना कंटाळून म्हणा, एकदा सोलापूरला जाता जाता खुद्द शास्त्रज्ञच आले. थकले होते, खाटेवर टेकू लागले.

"अवो, अवो! तिथं बसायचं न्हाय!"

"पण खाट माझीच ना?"

"म्हणून तर!"

"अंगणात विहीर होती, असं आठवतं मला," ते जरा वेळाने म्हणाले.

"तुमी ल्हान हुता. इसरला असाल," मामांनी त्यांची समजूत घातली.

शास्त्रज्ञ जमिनीवर बसून मामीचे पिठले-भाकरी जेवले, खोली पुन्हा एकदा पाहिली आणि निघाले. मोटारीत बसताना मला हळूच म्हणाले, "आमचं घर वेशीपलीकडं होतं. कधीच पडलं ते. यांना सांगू नका."

मोटार गेली तसा मी घरी परत आलो. मामा आनंदाने गावभर सांगत सुटले होते. गोठ्यात चुलीच्या धुराने डोळे लाल झालेली मामी एकटीच होती. तिने विचारले, "खरं सांग बाबा, ह्येच घर हाय न्हवं त्यांचं?"

"व्हय, मामी," मी म्हणालो.

तिने समाधानाने मान हलवली आणि पुन्हा चूल फुंकू लागली. आता दोघेही नाहीत. मामांपासून खरे लपवले, याचे मला कधी काही वाटले नाही. मामीशी खोटे बोललो, ते मात्र अजून गिळवत नाही.