पहिली पंगत

ऑफिसात तिला सगळे बुकिंगबाई म्हणायचे, आणि तिलाही ते नाव आवडायचं. सहल कंपनीच्या त्या अरुंद ऑफिसात दाराजवळचं पहिलं टेबल तिचं. माणूस दार ढकलून आत आला, की तो खुर्चीत टेकेपर्यंत त्याला कुठे पाठवायचं हे तिचं ठरलेलं असायचं. पायातले बूट पाहून ती डोंगर की समुद्र ते सांगायची, आणि नवीन लग्न झालेल्यांना तर तोंडच उघडू द्यायची नाही. एकोणीस वर्षांत तिचा अंदाज फारसा चुकला नव्हता. निदान चुकला असं परत येऊन कोणी सांगितलं नव्हतं.

तिच्या मागच्या भिंतीवर माहितीपत्रकांचे दोन कप्पे होते, तिनेच सुताराकडून लावून घेतलेले. डावा तरुणांचा, उजवा वयस्करांचा. क्रूझचं पत्रक उजव्या कप्प्यात असायचं. पांढरंशुभ्र जहाज, डेकवर आरामखुर्च्या आणि त्यांत गुडघ्यांवर पांघरूण घेऊन बसलेली पांढऱ्या केसांची जोडपी. सात दिवस, चार बंदरं. पंचविशीतल्या कुणी चुकून ते पत्रक उचललंच, तर ती हसत हसत काढून घ्यायची आणि म्हणायची, "हे तुमच्यासाठी नाही. दुसऱ्या दिवशी पोहत परत याल." हा विनोद तिने इतक्या वेळा केला होता, की मालकांनाही तो पाठ झाला होता. स्वतः मात्र तिने जहाजावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं.

घरी ती आणि आई, दोघीच. वडील ती शाळेत असतानाच गेले. आई इस्पितळाच्या लाँड्रीत कामाला होती. छत्तीस वर्षं तिने चादरी मोजल्या, इस्त्री केल्या आणि घड्या घातल्या. तिची घडी म्हणजे काटेकोर तिघडी, कडा आत, शिवण कुठे दिसता कामा नये. घरातला हात पुसायचा टॉवेलसुद्धा असाच ठेवावा लागायचा. लेकीने कधी घाईत टॉवेल तसाच भिरकावला, तर आई काही बोलायची नाही, उठून घडी घालायची आणि पुन्हा बसायची. त्यापेक्षा चार शब्द बोललेले परवडले असते. शेवटी ती घडी लेकीच्याही अंगवळणी पडली.

आई रिटायर झाली त्या वर्षी बुकिंगबाई एकोणतीस वर्षांची होती. घरी विसरलेली छत्री द्यायला आई ऑफिसात आली आणि जाताना उजव्या कप्प्यातलं ते पत्रक पिशवीत घालून घेऊन गेली. पुढचे दोन आठवडे ते स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला टेकून उभं होतं. मग एका रविवारी आई म्हणाली, "आपण दोघी जाऊ या का?"

"आई, तिथे सगळी म्हातारी माणसं असतात. मी सात दिवस करू काय?"

"मी असेन ना."

"तू तर घरी पण असतेसच की."

हे ती सहज बोलून गेली. टोचून बोलावं असं तिच्या मनातही नव्हतं. आई हसली, तिने पत्रकावरचा साखरेचा कण नखाने काढला आणि विषय तिथेच संपला.

पुढच्या वर्षी आईने पुन्हा विचारलं, आणि लेकीने पुन्हा नाक मुरडलं. तिसऱ्या वर्षी आईने विचारलं नाही. "माझं एकटीचं कर," एवढंच म्हणाली. बुकिंगबाईला हायसं वाटलं, ही गोष्ट पुढे तिला फार लागली. तिने आईला एका रिटायर्ड शिक्षिकेबरोबर दोघींच्या केबिनमध्ये जागा दिली आणि फॉर्म भरायला घेतला.

त्या फॉर्ममध्ये जेवणाचा एक रकाना होता. जहाजावर संध्याकाळचं जेवण दोन वेळांना व्हायचं, एक सहाला आणि दुसरं आठला. ऑफिसात त्यांना पहिली पंगत आणि दुसरी पंगत म्हणायची पद्धत होती. कुठली हवी हे प्रवाशाला विचारून लिहायचं असतं. पण साठीपुढच्या माणसांना विचारायचंच नाही, सरळ पहिली पंगत लिहून मोकळं व्हायचं, ही बुकिंगबाईची स्वतःची शिस्त होती. म्हातारी माणसं लवकर जेवतात, विचारलं तर उगाच विचार करत बसतात आणि मागे रांग वाढते. आईच्याही फॉर्मवर तिने पहिल्या पंगतीपुढे खूण केली. आई समोरच्या खुर्चीत बसली होती. तिला विचारायला अर्धं मिनिट लागलं असतं.

आई आठ दिवसांनी परत आली ती उन्हाने रापून. केबिन साफ करणाऱ्या मुलीला आपण एकदाही चादर घालू दिली नाही, तिला कोपरे दुमडताच येत नव्हते, हे तिने रंगवून सांगितलं. पत्ते शिकले म्हणाली. सहलीहून परतलेल्या प्रत्येकाला बुकिंगबाई जो प्रश्न विचारायची, तोच तिने आईलाही विचारला. डेकवरून सूर्यास्त कसा दिसला?

"छान होता, असं सगळे म्हणत होते," आई म्हणाली.

तेवढ्यात फोन वाजला. ऑफिसचाच होता. दुसऱ्या दिवसापासून तिच्या बोलण्यात नवीन वाक्याची भर पडली. माझी आई स्वतः जाऊन आली आहे, सूर्यास्तावर तर फिदा आहे, असं ती उजव्या कप्प्याच्या गिऱ्हाइकांना सांगायची. ते वाक्य चांगलं चालायचं.

त्यानंतरही आईने दोनदा विषय काढला. आता मला तिथलं सगळं माहीत आहे, तुला काही शोधायला लागणार नाही, म्हणाली. लेक पुढच्या वर्षी बघू म्हणाली. मग आईचे गुडघे गेले, मग हृदयाचं दुखणं निघालं, आणि लेक सदतीस वर्षांची असताना एका सकाळी टॉवेलांच्या घड्या घालताना आई खुर्चीतच गेली. शेवटचा टॉवेल अर्धवट राहिला होता. बुकिंगबाईने तो पुरा केला आणि मगच शेजारच्यांना हाक मारली.

यालाही तीन वर्षं झाली. जहाज कंपनी ऑफिसला दर वर्षी एक फुकट जागा द्यायची. ती मालकच वापरायचे. यंदा त्यांची पाठ धरली. एकोणीस वर्षं विकतेस, एकदा बघून तरी ये, असं म्हणून त्यांनी ती जागा तिच्या गळ्यात मारली. ती तयार झाली ती वेगळ्याच कारणासाठी. तिला एका गोष्टीचा निकाल लावायचा होता. आईबरोबर गेलो असतो तर आपल्याला खरंच कंटाळा आला असता का? आला असता, तर आपलं फारसं चुकलं नव्हतं. मनातून तिला कंटाळा यायलाच हवा होता. त्याच्याच तयारीने तिने बॅगेत सहा कादंबऱ्या भरल्या.

पहिला दिवस तिच्या मनासारखा गेला, म्हणजे वाईट गेला. जिकडे पाहावं तिकडे काठ्या, कानातली यंत्रं, आणि गोळ्या घेतल्या का म्हणून एकमेकांना विचारणारी जोडपी. फोनला रेंज नाही. संध्याकाळी ती आरामखुर्चीत जांभया देत, जवळजवळ समाधानाने बसून राहिली. दुसऱ्या दिवशी नाचाच्या वर्गात एक जोडीदार कमी पडला म्हणून एका आजोबांनी तिला ओढलं. तिचा पाय तीनदा त्यांच्या पायावर पडला आणि ती पोट दुखेपर्यंत हसली. तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या लक्षात आलं, की पहिल्या कादंबरीचं बारावं पान अजून उलटलेलं नाही. निकाल तिच्या विरुद्ध लागत होता.

त्या आजोबांची नात होती तेवीस वर्षांची, अख्ख्या जहाजावर सगळ्यांत लहान प्रवासी. तिने बुकिंगबाईला बरोबर ओळखलं. "पोहत परत येशील असं मला तुम्हीच म्हणाला होतात ना?"

बुकिंगबाईला कुठे तोंड लपवावं ते कळेना. मग धीर करून तिने विचारलंच, की कंटाळा येतो का? पोरीने खरं उत्तर द्यायचं म्हणून थोडा विचार केला.

"येतो कधीकधी. दुपारी तर येतोच. पण इथे आजोबा कुठे पळणार आणि मी कुठे पळणार? बोलावंच लागतं. ते बोटीवर खलाशी होते, हे मला परवा कळलं. तेवीस वर्षं एका घरात राहतोय आम्ही."

आईने पहिल्यांदा विचारलं तेव्हा बुकिंगबाई या पोरीपेक्षा सहाच वर्षांनी मोठी होती.

तिचं स्वतःचं जेवण अर्थातच दुसऱ्या पंगतीत. त्यामुळे संध्याकाळी ती डेकवर मोकळी असायची. पावणेसातच्या सुमारास सूर्य पाण्याला टेकायचा. कठड्याशी माणसं गोळा व्हायची आणि बोलणी आपोआप थांबायची. पाचव्या दिवशी सूर्य बुडाल्यावर तिने अंगावरचं पांघरूण काढून घडी घातली, तिघडी, कडा आत. शेजारी उभ्या असलेल्या उंच, वाकलेल्या बाई तिच्या हातांकडे पाहत राहिल्या.

"अशी घडी घालणारी मी आजवर एकच बाई पाहिली होती," त्या म्हणाल्या. "माझ्या केबिनमध्ये होती. लाँड्रीत काम केलेली."

त्या आईबरोबरच्या रिटायर्ड शिक्षिका होत्या. अजूनही जवळजवळ दर वर्षी यायच्या. आई गेल्याचं ऐकून त्या बाजूच्या खुर्चीत टेकल्या. मग आईबद्दल बोलू लागल्या. पत्त्यांत आई सराईतपणे फसवायची. लेकीबद्दल अभिमानाने बोलायची. लेक का आली नाही असं कोणी विचारलं, तर मीच तिला नको म्हटलं, तिला ऑफिसात फार काम असतं, असं सांगायची. आणि मग बाई हळहळून म्हणाल्या, "सूर्यास्त तेवढा बिचारीला एकदाही मिळाला नाही बघ."

बुकिंगबाईला वाटलं, आपल्या ऐकण्यात काहीतरी चूक झाली.

"आम्ही पहिल्या पंगतीला होतो ना. सहाला खाली जेवायला बसायचं, ते साडेसातला उठायचं. जेवायची खोली जहाजाच्या पोटात, खिडकी नाही. वर येईपर्यंत सगळा काळोख. मी त्याच्या पुढच्या वर्षीपासून दुसरी पंगतच घेते." बाईंनी शाल सारखी केली. "तेव्हाही मी म्हटलं होतं, वेटरला सांगून बदलून घेऊ. पण तुझी आई काही ऐकेना. मुलीनं स्वतः लिहून दिलंय, म्हणाली. तिला या कामातलं कळतं. माझ्यासाठी काय बरं ते तिनं विचार करूनच लिहिलं असेल."

बुकिंगबाईने मान हलवली, पांघरूण खुर्चीवर ठेवलं आणि वारा झोंबतो म्हणून सांगून ती केबिनमध्ये गेली. छान होता, असं सगळे म्हणत होते. आईने तेव्हा खोटं काही सांगितलं नव्हतं. आपणच नीट ऐकलं नाही, आणि ते वाक्य वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना विकत राहिलो, याची तिला इतकी लाज वाटली, की आरशासमोर उभं राहवेना.

शेवटच्या संध्याकाळी सगळे डेककडे निघाले तेव्हा ती जिने उतरून खाली गेली. आज पहिल्या पंगतीला बसता येईल का, असं तिने दारातल्या वेटरला भीतभीतच विचारलं. तो म्हणाला, या की, जागा आहे. नाव नाही, नंबर नाही, काही विचारलं नाही. इतकं सोपं होतं ते.

खोलीत पिवळे दिवे होते, भिंतींवर आरसे होते, आणि खिडकी खरंच नव्हती. सूप आलं. समोर ऐंशीच्या घरातलं एक जोडपं बसलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात पावणेसात झाले. वर आता सगळे कठड्याशी आले असतील, शिक्षिकाबाई शाल सावरत असतील, नात आजोबांचा हात धरून उभी असेल. इथे चमच्यांचा आवाज येत होता. तिने मांडीवरचा रुमाल उचलला, त्याची तिघडी घातली आणि ताटाशेजारी ठेवला.

"पहिल्यांदाच आलात का?" समोरच्या आजोबांनी विचारलं.

"हो. मला वाटायचं, इथे कंटाळा येईल."

"मग, आला का?"

"नाही," ती म्हणाली. आणि तिने हातातला चमचा खाली ठेवला.