परतीचा पुरावा

श्रीरामपुरात बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत बाबाजानभाई पिंजारी यांचं गाद्यांचं दुकान आहे. त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या कापूस पिंजला गेला, पण गादी झोपण्यासाठी न वापरता पडण्यासाठी वापरणारी पहिली व्यक्ती म्हणजे त्यांची धाकटी मुलगी अरफा.

अरफा उंच उडी मारते. दुकानामागच्या अंगणात दोन बांबू, त्यांवर आडवी काठी आणि पलीकडे दुरुस्तीला आलेल्या गिऱ्हाइकांच्या गाद्या, एवढ्यावर तिची सुरुवात झाली. गावातल्या निम्म्या गाद्यांवर अरफा पडलेली आहे. मालकांना हे कळलेलं नाही आणि कळवण्याचं कारणही नाही. ती उडी घ्यायची तेव्हा बाबाजानभाई वाकून गादी सरकवत असायचे. त्यामुळे मुलीचं खाली येणं त्यांनी शेकडो वेळा पाहिलं, वर जाणं एकदाही नाही. पुढे ती पुण्याला, तिथून पतियाळाच्या शिबिरात गेली. स्पर्धा नेमक्या लग्नसराईत यायच्या, आणि लग्नसराईत पिंजाऱ्याने दुकान सोडलं तर नवरा-नवरी सतरंजीवर झोपतात. जाऊन बघणं राहून गेलं.

यंदा कनिष्ठ गटाची मोठी स्पर्धा पोलंडमध्ये, ऑगस्टात ठरली. अरफाचा त्या गटातला हा शेवटचा मोसम. उमऱ्यासाठी काढलेला पासपोर्ट कपाटात पडून होता.

"बघून येतो," बाबाजानभाई बायकोला म्हणाले. "एकदा वर जाताना बघतो."

"बघा. पण तिथं वाकून बसू नका," खातूनबी म्हणाल्या.

आता या घरात लांबचा प्रवास म्हणजे हज, आणि हजला निघायची एक रीत असते. मागचं सगळं निस्तरायचं, ज्याला दुखावलं त्याची माफी मागायची, जबाबदारी पुढच्या माणसाच्या हाती द्यायची. पोलंडला कसं निघायचं हे कुणी सांगितलेलं नसल्याने बाबाजानभाई हजच्या शिस्तीने निघाले. हाती असलेली सगळी कामं पुरी केली. दुकान मुलाच्या, सैफच्या, नावे केलं. गल्लीत दारोदार जाऊन "बोललं-चाललं माफ करा" म्हणून आले. शेजारच्या कानिफनाथशी मोरीच्या पाण्यावरून जुनं भांडण होतं. हा कानिफनाथ मंडपवाला. तो मंडपाची कापडं धुणार आणि पाणी यांच्या उंबऱ्यात येणार, असं वर्षानुवर्षं चाललेलं. बाबाजानभाईंनी त्याचे हात धरले तेव्हा तो इतका रडला की त्यालाच पाणी द्यावं लागलं.

मग ते स्टँडजवळ राजनंदिनीच्या ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात गेले. टुरिस्ट व्हिसाच्या अर्जाला एक पत्र जोडायचं असतं. त्यांनी सांगितलं: "दुकान मुलाला दिलं आहे. माझ्यावर कसलीच जबाबदारी उरलेली नाही. कुणाशी वैर नाही, सगळ्यांची माफी मागून झाली. लेकीला एकदा डोळे भरून पाहिलं की माझं काही मागणं नाही." राजनंदिनीला ते फार भिडलं. तिने एक शब्द न गाळता इंग्रजीत उतरवलं. तिचं एम.ए. इंग्रजी साहित्यात झालं होतं, तिथेच घात झाला.

व्हिसा नाकारला. कारण छापील होतं: अर्जदार मुदतीत मायदेशी परतेल याची खात्री पटत नाही.

"काका, चूक माझी," राजनंदिनी म्हणाली. "त्यांना हे बघायचं असतं की माणूस इथं किती अडकलेला आहे. आपण तुम्हाला पार मोकळं करून पाठवलं."

"माणसानं मोकळं होऊन निघू नये?"

"व्हिसा घेऊन निघू नये."

सोबत आलेला कानिफनाथ मध्येच म्हणाला, "मलाबी तवाच वाटलं हुतं, म्हातारा तिकडच्याच मातीत जातोय. म्हणून तर रडलो."

"मग बोलला का न्हाईस?"

"माफी मागणाऱ्याला काय बोलनार?"

अर्ज पुन्हा करता येत होता, पण वेळ थोडा होता. बाबाजानभाईंना आता उलट्या दिशेने चालायचं होतं. सैफकडून दुकान परत घेतलं. त्याने तोवर 'सैफ मॅट्रेस' अशी पाटी रंगवायला टाकली होती. तो म्हणाला, "अब्बा, रंगाऱ्यानं 'सैफ' लिहिलंय, 'मॅट्रेस' राहिलंय. काय सांगू?" "सावकाश लिही म्हणावं," बाबाजानभाई म्हणाले.

खोटं लिहायला ते तयार नव्हते, म्हणून अडकण्यासाठी खरंच अडकावं लागलं. कानिफनाथने लग्नसराईसाठी बैठकीच्या गाद्या आणि लोड भरायला टाकले. वर पोरीच्या लग्नाच्या दोन डबल गाद्या सांगितल्या.

"लग्न ठरलं का तिचं?"

"न्हाई. गाद्या ठरल्या."

अडचण एकच होती. काम समोर दिसलं की बाबाजानभाई ते संपवायचे. अर्धवट टाके टाकून उठणं त्यांना जमेना. तिसऱ्या दिवशी निम्मे लोड तयार बघून खातूनबींनी दाभण उचलला आणि तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवला. "आता व्हिसा आला की भात करते," त्या म्हणाल्या.

मुंबईला जाऊन दुसरा अर्ज दिला. काही दिवसांनी दुपारी फोन आला. पोलंडच्या वकिलातीतून एक बाई हिंदीत विचारत होत्या की तुम्ही तिथे कशासाठी जाता आणि परत कधी येता.

बाबाजानभाई उत्तर देणार, तेवढ्यात उंबऱ्यातून पाणी आत आलं. कानिफनाथ गणपतीच्या मंडपाची कापडं धूत होता. पाणी सरळ पिंजलेल्या कापसाच्या ढिगाकडे निघालं.

"एक मिनिट हां मॅडम," म्हणून बाबाजानभाईंनी फोन हातातच ठेवून दाराकडे धाव घेतली. "कान्या! कापूस भिजला की रं! पाणी बंद कर!"

"म्या काय मुद्दाम सोडलं व्हय? तुझा उंबराच खाली हाय!"

"उंबरा माझ्या आज्याचा हाय! मी वीस तारखेला परत येतो, तवा तुझी मोरीच फोडतो! बघच तू!"

"ये की! मीबी हितंच हाय!"

मग त्यांना फोन आठवला. कानाला लावून ते शरमेने म्हणाले, "माफ करना मॅडम. क्या पूछ रहे थे आप?"

"हो गया," बाई म्हणाल्या आणि पुढे मराठीत बोलल्या, "परत येण्याची तारीख कळली."

पाकीट आलं तेव्हा त्यात व्हिसा चिकटवलेला पासपोर्ट होता. बाबाजानभाईंनी तो कानिफनाथला दाखवला. त्याने हात पुसून तो उलटसुलट पाहिला आणि परत दिला. मोरी ही आता वीस तारखेनंतरची गोष्ट होती.

संध्याकाळी अरफाचा शिबिरातून फोन आला.

"अब्बा, आलं?"

"आलं. पण बेटा, माझी कामं लई पडलीत. लगेच फिरावं लागंल."

"फिरा की. आधी या तर. आणि ऐका, माझ्या उजव्या हाताच्या बाजूला बसा. मी तिकडून धावत येते."

"तुझ्या उजव्या का माझ्या?"

"माझ्या, अब्बा. काठीकडे तोंड केल्यावर माझ्या."

बाबाजानभाईंनी भरायला ठेवलेल्या लोडाकडे तोंड केलं, उजवा हात उचलला आणि ती बाजू नीट लक्षात ठेवली.