कडूबाईनं धरलेला बोकड

अंबाजोगाईत शिकायला आलेल्या पोराला भेटायला आई-बाप येतात. योगेश्वरीचं दर्शन झालं, हत्तीखान्याची लेणी बघून झाली, की पोरगं त्यांना नव्या बागेत आणतं. हिरवळ, बाकडी, कारंजं. मीही रोज सकाळी तिथंच फिरायला जाते. बाग व्हायच्या आधी तिथं माळ होता आणि त्या माळावर कडूबाईची शेरडं चरायची, हे आता कुणाच्या ध्यानातही नाही.

कडूबाई धनगराची. तिच्या सुनेची दोन लेकरं जन्मताच गेली. तिसऱ्या वेळी कडूबाईनं माळावरच्या खंडोबाला नवस बोलला, आणि नात जगली, शिवकन्या. पोरीच्या बारशाला कडूबाईनं एक करडू देवापुढं सोडलं. असं सोडलेलं जनावर कुणी कापायचं नाही, विकायचं नाही, त्याच्या गळ्यात दावंही घालायचं नाही. ते देवाचं.

माळाला जाळी लागली तेव्हा खंडोबाचा तांदळा, तो शेंदूर फासलेला दगड, बागेतच राहिला. दारावर पाटी लागली, जनावरांना मनाई. करडाचा आता बोकड झाला होता, त्याला पाटी काय कळणार? तो रोज देवापाशी जायचा आणि वाटेतली फुलझाडं खायचा. शेवटी नगरपालिकेच्या माणसांनी त्याला कोंडवाड्यात नेलं.

कडूबाई माझ्या दारात आली तेव्हा धाप लागलेली. "बाई, चला. दुपारी लिलाव हाय म्हनं. खाटीक येऊन बसलाय."

कोंडवाडा सांभाळणारा गहिनीनाथ वही उघडून बसला होता. "मालक कोण?"

"देव," कडूबाई म्हणाली.

"मग देवाला घेऊन ये, आजी. आधार कार्ड असंल तर ते बी आन."

खाटीक हसला. मी गहिनीनाथला दोन शब्द सुनावले. तो वरमला, पण म्हणाला, "मी तरी काय करू, बाई? मालक नसला तर लिलाव. मालक हाय म्हनली तर आत्ता सोडतो. एक शब्द बोलायला काहून अडलीय ही?"

कडूबाईनं कोंडवाड्याच्या दाराकडं बघितलं. माझा म्हणावं तर देवाला दिलेलं परत घेतल्यासारखं. न म्हणावं तर देवाचा बोकड सुरीखाली. दोन्हीकडून तिला देवाचा कोप शिवकन्येवरच येताना दिसत होता. आत बोकडानं तिचा वास ओळखला आणि ओरडायला लागला.

"माझा लिहा," मी म्हणाले.

कडूबाईनं माझा हात घट्ट धरला. "न्हाई बाई. नवस मी बोलले. तुमच्या लेकराबाळांवर कशाला?" मग गहिनीनाथकडं न बघताच म्हणाली, "माझा हाय. लिव्ह."

तिनं अंगठा दिला. गहिनीनाथनं बोकड बाहेर आणला आणि सुतळीचं दावं पुढं टाकलं. "बांधून ठेव आता. परत बागंत घावला तर माझ्या बी हातात न्हाई काही."

दावं गळ्यात घालताना तिला गाठच मारता येईना. मी मारून दिली.

आम्ही घराकडं निघालो. बागेपाशी आल्यावर बोकडानं हिसका दिला आणि जाळीला तोंड लावून उभा राहिला. आत लिंबाखाली तांदळा दिसत होता. कडूबाईनं बाहेरूनच मातीला कपाळ टेकलं. "देवा, मी म्हनले माझा. जे करायचं ते माझं कर. पोरीला हात लावू नको." ती तेवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मी योगेश्वरीचं नाव घेत शेजारी उभी राहिले. दुसरं काय करणार?

आता मी फिरायला जाते तेव्हा ती बोकडाचं दावं हातात धरून जाळीबाहेर बसलेली असते. शेरडं घरी उपाशी ओरडतात, सून चिडते. ऊन चढतं तरी ही हलत नाही. काल मी म्हटलं, "कडूबाई, घटकाभर बोकड त्या खांबाला बांध आणि भाकर तरी खा."

तिनं दाव्याचा मनगटाला आणखी एक वेढा दिला.

"बांधला न्हाई, बाई. नुसता धरलाय. देव बघतोय, त्याला सांगा."