घासून दिलेले पत्रे

बारा एप्रिलला सकाळी मी गच्ची धुवायला काढली. अकराला विमा कंपनीचा सर्वेअर येणार होता, आणि अमरावतीच्या आमच्या घरात परका माणूस पाय ठेवणार म्हटलं की माझा हात आपोआप खराट्याकडे जातो.

आठवड्यापूर्वी वादळ झालं होतं. आधी वारा, मग लिंबाएवढ्या गारा. गच्चीवर माझी शिवणाची खोली आहे, तिच्यावर पत्र्याचं छप्पर. काही पत्रे वाऱ्यानं उचकटले, उरलेल्यांना गारांनी खळगे पाडले. घराच्या कर्जासोबत विमा उतरवलेला होता. तो मिळाला तर पावसाळ्याआधी नवं छप्पर; नाही तर मशीन बैठकीत, आणि ब्लाउजची मापं सगळ्या घरादेखत.

म्हणून मी कामाला लागले होते. मला कुणी कामसू म्हटलेलं फार आवडतं. सगळे पत्रे उतरवून घेतले, खोलीवर ताडपत्री बांधली आणि पत्रे भंगारवाल्या चाचांना विकून टाकले. तेही साबणानं घासून. चिखलाची वस्तू घराबाहेर जाऊ देणं मला जमत नाही. कूलरच्या टपावर गारांचे पोचे पडले होते. ते यजमानांकडून आतून ठोकून घेतले आणि वर चंदेरी रंग मारला.

सर्वेअर गच्चीवर आला, चारी बाजूंनी फिरला.

"नुकसान कुठं आहे, मॅडम?"

"साफ केलं," मी म्हणाले. अभिमानानं.

त्यानं पाण्याची बाटली काढून दोन घोट घेतले. मग समजावून सांगितलं. पत्रा वाऱ्यानं उचकटला तर स्क्रूचं भोक ओढल्यासारखं लांब फाटतं. गंजून सुटला तर भोकाची कड भुगा होते, आणि गंजाचे पैसे कंपनी देत नाही. गारांचे खळगे जिकडून मारा आला त्या बाजूला जास्त असतात, आणि त्याच बाजूला कूलरवरही सापडले तर शंका उरत नाही. हे बोलता बोलता त्यानं माझ्या चकचकीत कूलरवरून हात फिरवला आणि बोटाला लागलेला चंदेरी रंग पाहिला.

"फोटो तरी काढले असतीन?"

काढला होता. स्टीलच्या वाटीत गारा, बाजूला मापाला लिंबू. नात्यातल्या सगळ्यांना पाठवला होता.

"ह्या गारा झाल्या. छप्पर कुठं आहे?"

यजमान जिन्यातून म्हणाले, "भाऊ, उशीर केला तुमी. आणखी दोन दिवसांनी आले असते त हिनं घरही धुऊन वाळत घातलं असतं."

सर्वेअर हसला, पण कागदावर काही लिहिलं नाही. म्हणाला, "उद्या दुपारी रिपोर्ट पाठवतो. पत्रे सापडले त छपराच्या सांगाड्याच्या पाइपावर ठेवून फोटो टाका. भोकाले भोक जुळलं पाहिजे."

दुपारी अकोल्याला धाकट्या बहिणीला फोन केला. तिच्याकडेही तेच वादळ, तसंच छप्पर. तिचा सर्वेअर आदल्याच दिवशी येऊन गेला होता.

"माह्यं त झालं मंजूर," ती म्हणाली.

"तू काय केलं होतं?"

"काहीच नाही वं ताई. मले आळस आला. जिथं पडलं तिथंच राहू देलं. पत्रा अजून बाजूच्याच्या पेरूत अडकून आहे."

या बहिणीला मी तीस वर्षं टापटीप शिकवते आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी कुलूप काढायच्या आत मी दुकानापुढे उभी होते. आत पत्र्यांचा डोंगर. आता यातून आपले कसे ओळखायचे? चाचांनी सरळ कोपऱ्याकडे बोट केलं.

"वो रहे तुमचे, बाई. अलगच ठेवले. धुतलेलं भंगार मी जिंदगीत पहिल्यांदा घेतलं. कापाले जीव नाही झाला."

पैसे परत केले, हातगाडी केली, पत्रे वर चढवले. ताडपत्री सोडून पहिला पत्रा पाइपावर धरला. भोकाला भोक जुळलं, आणि पत्र्याचं भोक चांगलं बोटभर लांब फाटलेलं होतं. यजमानांनी फोटो काढून सर्वेअरला पाठवले. हातगाडीवाल्याच्या पायांची माती जिनाभर आणि गच्चीभर झाली होती. मी खराटा उचलला, खाली नेला आणि रिपोर्ट येईपर्यंत शेजारणीकडे ठेवायला देऊन आले.