आक्कांचे गुरुवार

आक्का गेल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, त्या काय करायच्या?" मी म्हटलं, "घरीच असायच्या." फोन ठेवला आणि माझी मलाच लाज वाटली. पाच आठवडे झाले, ते उत्तर टोचतं आहे. म्हणून नीट लिहून पाठवते.

आक्का म्हणजे तुमच्या आजोबांची थोरली बहीण. विसाव्या वर्षी नवरा गेला आणि त्या श्रीगोंद्याला माहेरी परत आल्या, त्या कायमच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा स्वयंपाकघर आणि मागचं अंगण एवढंच त्यांचं जग होतं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर गावंच्या गावं माळावर येऊन राहिली, आणि डॉक्टर म्हणून आजोबा दर गुरुवारी तिथं रोगी तपासायला जाऊ लागले. पुरुष डॉक्टरला बायका काही सांगत नसत, म्हणून ते आक्कांना सोबत नेत. दोन महिन्यांत कोण गरोदर, कितवा महिना, सगळं आक्कांना तोंडपाठ झालं. गुरुवारी सकाळी त्या चुलीपाशी गुणगुणत असायच्या… एरवी मी कधी ऐकलं नाही.

आमची गाडी म्हणजे चार मालक बघून आलेली काळी विलायती मोटार. तिनं नेमकं त्याच वर्षी पाणी प्यायला सुरुवात केली. दर पाच-सहा मैलांवर वाफ. करीममिस्त्रींनी नळ्या बदलल्या, रेडिएटर दोनदा सोल्डर केला, तरी जमिनीवर थेंब दिसेना. "डॉक्टरसायेब, पानी जातंय खरं, पन कुठनं ते काय दावंना ही बया," मिस्त्री म्हणायचे.

एका गुरुवारी आजोबा वाटेतल्या आडावर कळशी मागायला उतरले. रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "द्या गं बायांनो, आधी मोटारीला पाजा. आपली लेकरं काय, थुंकी गिळत्याल." आजोबा गाडीपाशी आले ते मान खाली घालूनच. म्हणाले, "बास. गाडी विकायची. माळावर दुसरा कुणी डॉक्टर जाईल."

"आणि मी रे, बाळू?" आक्का म्हणाल्या.

रविवारी मिस्त्री विकण्याआधीचं शेवटचं बघायला आले. आक्का हळदीचा डबा आणि पातळ फडक्यात बांधलेली चुन्याची भुकटी घेऊन अंगणात आल्या. "मिस्त्री, गाडीच्या पाण्यात हळद कालवा, इंजिन कोरडं पुसा, वरून हा चुना मारा."

आजोबा म्हणाले, "आक्का, फोडणी राहिली!"

"गप उभा राहा. फोडणी तुला देईन."

हळदीला चुना लागला की लाल होतं, हे कुंकू करणाऱ्या बाईला सांगावं लागत नाही. लग्नाआधी आक्का आईच्या हाताखाली घरचं, शेजारचं कुंकू करत. परत आल्यावर ते काम त्यांच्याकडे कुणी दिलं नाही.

मिस्त्रींनी थंड गाडी सुरू केली. बराच वेळ सगळं पांढरंच. मग त्यांनी इंजिनामागं, नजर पोचत नव्हती तिथं, आरसा धरला. पांढऱ्यावर लाल ठिपका उमटत होता. इंजिनातलं पाणी अडवणाऱ्या पत्र्याच्या गंजक्या बुचाला सुईएवढं भोक. गाडी तापली की तिथलं पाणी खाली पडायच्या आत वाफ होऊन जायचं.

"घावली! लई छळलं हिनं, आक्काबाई!" मिस्त्री ओरडले. आक्कांनी हात घालून जागा चाचपली. बोट लाल होऊन बाहेर आलं. त्या बोटाकडे त्या बघत राहिल्या… मी काही बोलणार, तेवढ्यात म्हणाल्या, "सुमन, फडकं दे गं. आणि मिस्त्री, गुरुवारच्या आत बूच बसलं पाहिजे."

बसलं. त्या गुरुवारी गाडी वाटेत कुठं थांबली नाही. दुष्काळ सरला, तरी आक्कांचे गुरुवार चालूच राहिले. वीसेक वर्षं त्या वाड्यावस्त्यांवर जात होत्या. किती बायकांची बाळंतपणं त्यांनी केली, याची टिपणं मी ठेवली नाहीत. किराण्याचीही ठेवणारी मी.

गाडी कधीच भंगारात गेली. पण घरातून कुणीही कसल्याही गाडीतून निघालं, की आक्का फाटकापर्यंत यायच्या. "पाणी बघितलंस का रे?" नव्या गाड्यांना ते रोज बघावं लागत नाही, हे त्यांना पटायचं नाही.

त्या दिवशी शववाहिका आली. आक्कांना आत ठेवलं, दार लागलं. फाटकापाशी कुणीच नव्हतं. मी ड्रायव्हरच्या खिडकीशी गेले आणि विचारलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं, खाली उतरला, बॉनेट उघडलं, वाकून बघितलं.

"भरल्यालं हाय, आजी," तो म्हणाला. मग गाडी निघाली.