मोकळं राहिलेलं पहिलं पान

पेणहून रोह्याला जाण्याला कुणी प्रवास म्हणणार नाही. आमच्याकडची माणसं सकाळी जातात आणि दुपारी जेवायला घरी असतात. तरी मी हे लिहून ठेवतो आहे, कारण त्या एका दिवसात मी जेवढा घाबरलो तेवढा सत्तर वर्षांत घाबरलो नव्हतो. मी चौथी नापास आहे. शुद्धलेखन मुलीनं तपासलंय, पण मजकुराला हात लावू दिलेला नाही.

आमचं गाव हमरापूरच्या खाली, खाडीच्या अंगाला. हमरस्ता रुंद करताना कंत्राटदारानं मातीची भर टाकली आणि आमच्या शेतांचं पाणी खाडीकडं नेणारी मोरी बुजवून टाकली. दोन पावसाळे पाणी उतरलंच नाही. भात उभ्या जागी कुजलं. कापणीच्या दिवसांत कोयत्या भिंतीला लटकून होत्या. माझी धाकटी बहीण बायजा नवरा गेल्यावर माहेरीच राहते. तिच्या नावावर एकच तुकडा आहे, तोही नेमका मोरीला लागून. आणखी एक पावसाळा तसाच गेला तर तिथं भात नाही, लव्हाळाच उगवला असता.

आम्ही तलाठ्याकडं गेलो, तहसीलला गेलो. सगळे एकच सांगत, रस्ता दिल्लीचा आहे. मी हट्टाला पेटलो. म्हटलं, दिल्लीचा आहे तर दिल्लीला लिहू. पेणच्या कोर्टाजवळ टायपिंग करणाऱ्या एका कारकुनानं सांगितलं की लोकसभेकडं कुणीही नागरिक अर्ज करू शकतो, फक्त तो आपल्या खासदारानं सही करून सभागृहात मांडावा लागतो. त्यानंच तो मराठीत टाइप केला आणि सोबत हिंदीतही. एका पानावर मजकूर, पुढच्या चार पानांवर गावाच्या सह्या आणि अंगठे. खासदार त्या दिवशी रोह्याच्या विश्रामगृहात येणार होते. परवा अधिवेशन सुरू होणार, मग ते दिल्लीत.

सकाळी सातला निघालो. अर्ज प्लास्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आत, पोटाशी. बायजाकडं तांदळाच्या भाकऱ्या, जवळ्याची चटणी (जवळा म्हणजे बारीक सुकी कोळंबी) आणि कुजलेल्या भाताच्या लोंब्यांची एक जुडी. ती पुरावा म्हणून मीच घ्यायला लावली होती.

गावाच्या वळणावर बबनचा डंपर उभा होता. बबन आमच्याच भावकीतला, कंत्राटदाराला मुरूम पुरवतो. आठ दिवसांपूर्वी तो माझ्या ओटीवर येऊन चहा प्यायला होता आणि जाताना हसत म्हणाला होता, "काका, अर्ज करा की. फक्त वर कुणाचं नाव हाय तेवढं मला कळेलच." त्यानं कुणाला हात लावला नव्हता. पण गावात त्याच्या हसण्याला सगळे घाबरत. डंपरात त्या वेळी कुणी नव्हतं. तरी आम्ही दोघं त्याच्या बाजूनं चोरासारखे गेलो.

मिनीडोर (सहा सिटांची रिक्षा, तिच्यात दहा बसतात) हमरापूरवरून गेली. तिथल्या शेडमध्ये गणपतीच्या मूर्ती ओळीनं उभ्या होत्या, पांढऱ्या, अजून डोळ्यांची आखणी न झालेल्या. एरवी मला त्या बघायला आवडतात. त्या सकाळी वाटलं, एवढी तोंडं आहेत आणि एकालाही बघता येत नाही. मी मान वळवली. बायजानं हात जोडले.

पेणला रामवाडीच्या स्टँडवर रोह्याची गाडी अर्धा तास उशिरा लागली. वडखळला तासभर वाहनांची रांग. मी दर दोन मिनिटांनी पोट चाचपत होतो. शेजारच्या सिटावरच्या बाईनं विचारलं, आजोबा, पोटात दुखतंय का. बायजा म्हणाली, "दुखत नाय, सांभाळतोय."

नागोठण्याच्या अलीकडं गाडीचा टायर बसला आणि आम्हाला खाली उतरवलं. तेव्हाच खिशातला मोबाइल वाजला. बबन होता.

"काका, रोह्याला कशाला?"

मी रोह्याला जातो हे बायजा आणि मुलगी सोडून कुणालाच माहीत नव्हतं. मी म्हटलं, पाहुण्यांकडं. तो म्हणाला, बरं, सांभाळून जा, रस्ता चांगला नाय. आणि फोन ठेवला. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या प्रत्येक माणसाकडं मी बघायला लागलो, कुणी सांगितलं असेल म्हणून. बायजानं माझं तोंड बघितलं होतं.

धाटावच्या कारखान्यांत दुसऱ्या शिफ्टची माणसं नेणारी एक कंपनीची बस थांबली. ड्रायव्हरनं आम्हाला म्हातारे म्हणून आत घेतलं. बसमधल्या एका पोरगेल्या कामगारानं विचारलं, कुठं निघालात? मी सांगितलं, खासदारांकडं. तो हसला. तिथं जाऊन नुसते बाकं बडवतात, टीव्हीवर बघत नाय का तुम्ही, असं म्हणाला. मी त्याला विचारलं, तू कधी त्यांच्याकडं काही मागितलंस का? तो म्हणाला नाही. मी म्हटलं, मग ते बाकंच बडवणार. बसमधले चारपाच जण हसले. मला बरं वाटलं, पण ते बरं वाटणं कुंडलिकेच्या पुलापर्यंतच टिकलं.

रोह्याला उतरलो तेव्हा साडेबारा झाले होते. विश्रामगृहाच्या आवारात गाड्या, हारतुरे, फोटो काढणारे. तिथं एक पांढरी गाडी होती, तिच्या काचेवर आमच्याच कंत्राटदाराच्या कामाचा फलक. मी ती बघितली आणि परत फिरावं असं मनात आलं. खरं सांगतो, पाऊलही वळलं. बायजा फरशीवर बसून भाकरी सोडत होती. ती म्हणाली, "खाऊन घे. उपाशी माणसाला भ्या जास्त वाटतं."

खासदारसाहेब आत बैठकीत होते. बाहेरच्या खोलीत त्यांचे चिटणीस बसले होते, पिकलेल्या मिशांचे, तुटक बोलणारे. त्यांनी अर्ज हातात घेतला आणि मी अधीरपणे लोंब्यांची जुडी टेबलावर ठेवली. त्यांनी ती बाजूला सरकवली. अर्जाला काही जोडायचं नसतं, म्हणाले, नियम आहे. मग त्यांनी मजकूर वाचला, सावकाश, बोट ठेवून. आमच्या गावचं लिहिलेलं आजवर कुणी असं वाचलं नव्हतं.

खाडीच्या बांधाचं का नाही लिहिलंत, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, बांध मुंबईच्या सरकारचा, रस्ता दिल्लीचा, आता पाठ झालंय. ते पहिल्यांदा जरा हसले. मग त्यांनी मला जे सांगितलं ते मी समजलो तसं लिहितो. टीव्हीवर दिसतो तो आरडाओरडा म्हणजे सगळी संसद नव्हे. तिथं खासदार मंत्र्याला लेखी प्रश्न विचारतो आणि मंत्र्याला उत्तर द्यावं लागतं, ते छापलं जातं. अर्जांसाठी वेगळी समिती असते, सगळ्या पक्षांच्या खासदारांची. आपला अर्ज सभागृहात मांडला की तो त्या समितीकडं जातो. समिती दरवाजा बंद करून बसते, खात्याच्या अधिकाऱ्यांना समोर बोलावते आणि विचारते की या माणसांची मोरी कुठं गेली.

"साहेबांना आमची मोरी माहीत आहे का?" मी विचारलं.

"नाही. म्हणूनच तर तुम्ही लिहायचं. त्यांच्या मतदारसंघात अशा किती मोऱ्या असतील? मत टाकून तुम्ही माणूस तिथं बसवता. त्याच्या हातात कागद कोण देणार?"

मी खूश झालो होतो. तेवढ्यात त्यांनी पहिलं पान उलटसुलट केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"यावर सही नाही."

मी म्हटलं, पुढं चार पानं सह्या आहेत की. ते म्हणाले, मजकूर ज्या पानावर आहे त्या पानावर निदान एकाची सही किंवा अंगठा लागतो. नाहीतर ती चार पानं कशाच्याही मागं लावता येतील. असा अर्ज परत येईल. आणि मग शांतपणे म्हणाले, सभागृहात मांडताना पहिल्या अर्जदाराचं नाव वाचतात. अमुक अमुक आणि इतर, असं.

आमच्या गावाची ही चूक का झाली ते सांगायला हवं. भरतीच्या जोरानं खाडीचा बांध फुटतो त्याला आम्ही खांड म्हणतो. खांड पडली की अख्खं गाव धावतं. पुरुष खांद्याला खांदा लावून पाण्यात उभे राहतात आणि मागून बायका चिखल, पेंढा देतात. त्यात पहिलं कोण उतरलं हे आमच्याकडं कधी बोलत नाहीत. ज्याचं नाव खाडी ऐकते त्याला ती शोधत येते, असं जुनी माणसं सांगत. विचारलं तर म्हणायचं, सगळेच उतरले. त्याच सवयीनं अर्जाचं पहिलं पान गावानं मोकळं सोडलं. हातोहात फिरलं, प्रत्येकानं उलटून पुढं दिलं. मी गावभर फिरून लोकांना भित्रे म्हणून डिवचलं होतं. माझी स्वतःची सही तिसऱ्या पानावर मधोमध आहे, दोन अंगठ्यांच्या मध्ये, शाई जरा पसरलेली.

चिटणिसांनी पेन पुढं केलं. आतली बैठक संपत आली होती, खुर्च्या सरकल्याचा आवाज येत होता. मी चष्मा शोधायला लागलो. सदऱ्याच्या खिशात नव्हता, पिशवीत नव्हता. चष्मा माझ्या कपाळावर होता आणि मला ते माहीत होतं. डोळ्यांपुढं बबनचं हसणं, ती पांढरी गाडी आणि दिल्लीत मोठ्यानं वाचलं जाणारं माझं नाव. एवढी वर्षं मला वाटत आलं होतं की असं नाव कुणीतरी वाचावं.

बायजा उठली. टेबलावरच्या शाईच्या पॅडवर तिनं अंगठा दाबला आणि मजकुराच्या खाली उमटवला. "नाव लिवा साहेब," ती म्हणाली. "पत्ता पन लिवा."

मी म्हटलं, बायजे, काय केलंस गो.

ती अंगठा पदराला पुसत म्हणाली, "मोठ्या खांडीत पन पयली मीच घसरले व्हते पान्यात, दादा. तू माझ्या मागून उडी टाकलीस. आता पन टाक."

हे गावात कुणालाच माहीत नाही. त्या खांडीत पहिला मी उतरलो असं गाव पन्नास वर्षं मनातल्या मनात समजत आलंय. मी कधी हो म्हटलं नाही आणि कधी नाही म्हटलं नाही. ती तेव्हा चौदा वर्षांची होती आणि चिखल देता देता तिचा पाय गेला होता.

मी तिच्या अंगठ्याखाली सही केली. साहेब बाहेर आले, पाच मिनिटं उभ्यानं बोलले, मोरीची जागा दोनदा विचारून घेतली आणि आमच्यासमोर अर्जावर सही केली. मी म्हटलं, विसरू नका. ते म्हणाले, तुम्ही विसरू देऊ नका, महिन्यानं पत्र टाका.

संध्याकाळच्या गाडीनं परत निघालो. वडखळच्या पुढं मिठागरांत उन्हं उतरली होती, पाण्याच्या चौकोनांत आभाळ लाल. मी मागं येणारी प्रत्येक गाडी बघत होतो. मनाशी ठरवलं होतं, कुणी विचारलं तर पहिलं नाव माझं सांगायचं. थोडं तिच्यासाठी, थोडं माझ्यासाठीही.

गावाच्या वळणावर उतरलो तेव्हा दिवेलागण होत होती. डंपर तिथंच होता आणि आता बबन त्याला टेकून उभा होता. आजूबाजूला गावातली दहाबारा माणसंही होती. त्यांना रोह्याचं कळलं होतं.

"काय काका," तो म्हणाला, "वर कुणाचं नाव?"

"माझं," मी म्हटलं. आवाज बरा निघाला.

"नाय," बायजा मागून म्हणाली. "वरचा अंगठा माझा हाय. ह्याची सही खाली. तुला काय बोलायचं ते माझ्याशी बोल, बबन. तुझी आयस पन त्या बांधावर चिखल द्यायला व्हती."

बबन हसला नाही. त्यानं जमलेल्या माणसांकडं बघितलं, मग डंपरात चढला आणि इंजिन चालू केलं. दिव्यांचा उजेड आमच्या अंगावरून सरकत गेला. आम्ही सगळे कडेला सरकलो. ती माणसं तिथं नसती तर त्यानं काय केलं असतं हे मला आजही ठाऊक नाही, आणि त्या आवाजाची भीती अजून गेलेली नाही. रस्त्यावर डंपर वाजला की मी आधी बायजाच्या दाराकडं बघतो.

अर्जाचं पुढं काय व्हायचं ते होईल. महिन्यानं मी पत्र टाकलं, त्याच्या पुढच्या महिन्यातही टाकलं. मधे कागद घेऊन दोन अधिकारी मोरीपाशी आले, मापं घेऊन गेले. मोरी अजून उघडलेली नाही. पण आमच्या गावचं पाणी कुठं अडलंय हे दिल्लीत लिहिलेलं आहे, आणि ते आम्ही लिहिलं म्हणून आहे.

त्या संध्याकाळी घरी पोचून मी पाय धुतोय न धुतोय तोच ओटीवर माणसं आली. आधी शेजारचा, मग त्याची बायको, मग तिसऱ्या पानावर ज्यांचे अंगठे माझ्या सहीच्या दोन्ही बाजूंना होते ते दोघे. बराच वेळ इकडचंतिकडचं बोलले. मग शेजाऱ्यानं खाली बघत विचारलं, "काका, त्या पहिल्या पानावर अजून जागा होती का?"

मी म्हटलं, होती. अर्धं पान मोकळं होतं.

"आता घालता येईल का नाव?"

पान तर साहेबांबरोबर निघून गेलं होतं. मी आत गेलो आणि मुलीला म्हटलं, एक कोरा कागद काढ.